गाडी दारात, कागद दुसऱ्याच्या नावावर

जुन्या गाड्या मला आवडतात. बारा-पंधरा वर्षे चाललेली, नीट सांभाळलेली साधी पेट्रोल गाडी ही हप्त्यांनी घरादाराला बांधून ठेवणाऱ्या नव्या गाडीपेक्षा शहाणपणाची खरेदी ठरू शकते, असे माझे मत आहे आणि पुढचे सगळे लिहूनही ते बदलणार नाही. माझी तक्रार आहे ती आपल्या जिल्ह्यात हा सौदा ज्या रीतीने होतो त्या रीतीबद्दल. बीडला घ्या, गेवराईला घ्या, परळीला घ्या. माणसे बॉनेट उघडून तासभर उभी राहतात, ऑइलचे झाकण काढून धूर बघतात, डिपस्टिक पुसून पुन्हा घालतात, मेस्त्रीला दहादा विचारतात. आणि गाडी स्वतःच्या नावावर करून घेण्याचे काम मात्र ‘बघू की नंतर’ म्हणून सोडून देतात. इंजिन गेले तर काही हजारांत, फार तर लाखभरात निभावते. कागद चुकला तर शेत विकायची वेळ येते.

गरज खरी आहे, हे आधी मान्य करू. बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ रोजी, अहिल्यानगरच्या बाजूने. त्याआधी परळी-घाटनांदूरचा पट्टा आणि आष्टीचा कोपरा सोडला तर जिल्ह्याला एसटी, काळी-पिवळी आणि ज्याची त्याची गाडी याखेरीज साधन नव्हते. अकरा तालुक्यांचा हा जिल्हा आष्टीपासून परळीपर्यंत आडवा पसरलेला. आष्टीचा माणूस दवाखान्यासाठी नगर गाठतो, गेवराईचा संभाजीनगर, केज-धारूरचा अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय, नाहीतर लातूर. रात्री-बेरात्री कुणाच्या छातीत कळ आली तर दारात चारचाकी असणे ही चैन म्हणता येत नाही. नवी गाडी परवडत नाही, म्हणून पुण्या-चिंचवडला सात-आठ वर्षे वापरून झालेल्या एमएच-१२ आणि एमएच-१४ पासिंगच्या गाड्या आपल्या एमएच-२३ आणि एमएच-४४ च्या मुलखात येतात. आपली माणसे कामाला पुण्याकडे जातात आणि पुण्याच्या गाड्या आपल्याकडे येतात, असा हा दुहेरी प्रवास आहे.

त्या येतात कशा, इथून घोटाळ्याला सुरुवात होते. सौदा ठरतो, इसार दिला जातो, बाँड लिहिला जातो. पूर्वी शंभरचा बाँड असायचा. ऑक्टोबर २०२४ पासून महाराष्ट्रात तो पाचशेचा झाला, एवढाच फरक. त्यावर ठरलेला मजकूर असतो की आजच्या तारखेनंतर या गाडीमुळे होणारा अपघात, चलन, गुन्हा यांची जबाबदारी घेणाऱ्याची राहील. दोन साक्षीदार, नोटरीचा शिक्का. सोबत नमुना २९ आणि नमुना ३० या हस्तांतरणाच्या अर्जांवर विकणाऱ्याच्या कोऱ्या सह्या. हे कागद डॅशबोर्डच्या खणात जातात आणि गाडीबरोबर हात बदलत राहतात. दुसरा घेणारा तिसऱ्याला देतो, तिसरा चौथ्याला. आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याचेच.

देणाऱ्याला वाटते, आपण मोकळे झालो. घेणाऱ्याला वाटते, गाडी आपली झाली. कायद्याच्या नजरेत दोन्ही खोटे.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मालकाची व्याख्या सरळ आहे: ज्याच्या नावावर वाहनाची नोंद आहे तो मालक. त्याच कायद्याचे कलम ५० सांगते की राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव लावण्यासाठी अर्ज करायचा. हे झाले नाही तर काय होते, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी देऊन ठेवले आहे. त्या खटल्यातली गाडी मूळ मालकाने २००७ मध्येच विकली होती. पुढे ती आणखी हातांतून गेली. मे २००९ मध्ये ती मागे घेताना एकाचा जीव गेला आणि एक बाई जखमी झाली. तेव्हा गाडी भलत्याच्याच ताब्यात होती. नुकसानभरपाई कुणी द्यायची, हा प्रश्न खालपासून वरपर्यंत गेला आणि तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की नोंदणी ज्याच्या नावावर, जबाबदारी त्याची. मेलेल्याच्या घरच्यांनी गाडी कुणाकुणाकडे फिरली याचा माग काढत बसावे, अशी कायद्याची अपेक्षा नाही, असे त्यामागचे कारण. मला हे कारण पूर्ण पटते. वारसांनी बाँडांची साखळी शोधत गावोगाव हिंडायचे का?

मग त्या नोटरीच्या बाँडला काही किंमतच नाही का? आहे, पण ती दोघांपुरती. देणाऱ्याला आधी स्वतःच्या खिशातून भरपाई द्यावी लागेल आणि नंतर बाँडच्या जोरावर घेणाऱ्यावर दावा लावता येईल. घेणारा तोवर सापडला पाहिजे, आणि त्याच्याकडे वसूल होण्यासारखे काही असले पाहिजे. अपघाती मृत्यूची भरपाई मृताचे वय, कमाई आणि त्याच्यावर अवलंबून असलेली माणसे पाहून ठरते. कमावता तरुण गेला तर आकडा सहज लाखांच्या घरात जातो.

अपघाताचे सोडा. त्या गाडीतून गुन्हा झाला तर पोलिस आधी आरसीवरच्या पत्त्यावर येतात. द्रुतगती मार्गावरच्या कॅमेऱ्यांची चलने आरसीवरच्या मालकाच्याच मोबाइलवर. अल्पवयीन पोराने गाडी चालवून कुणाला उडवले तर २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९अ पालकाला किंवा वाहनमालकाला दोषी धरते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. ज्या पोराचे तोंडही पाहिले नाही त्याच्यासाठी आपण मालक म्हणून उभे राहायचे, ही वेळ कुणावर येऊ शकते याचा विचार कोऱ्या सह्या करताना होत नाही.

आता घेणाऱ्याची बाजू. तो बिनघोर असतो, कारण विमा चालू असल्याचा कागद त्याला दाखवलेला असतो. विम्याचे तीन वेगळे भाग आहेत आणि ते तिन्ही वेगवेगळे वागतात. बाहेरच्या माणसाला झालेल्या इजेचा, म्हणजे थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर नव्या मालकाकडे आपोआप गेला असे कलम १५७ मानते. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा तसा जात नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फरक स्पष्ट केला आहे. म्हणजे मांजरसुंब्याच्या घाटात गाडी घसरून चेपली आणि पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असली तर कंपनी हात वर करू शकते, आणि बहुधा करतेच. तिसरा भाग मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याचा, १५ लाख रुपयांचा. तो मिळतो नोंदणीकृत मालक स्वतः परवान्यासह गाडी चालवत असेल तरच. नाव लावलेच नाही तर चाकावर बसलेला माणूस या विम्याच्या हिशेबात मालक नसतोच.

याहून मोठा धोका जुन्या गाडीवाल्यांपैकी बहुतेकांना ठाऊकच नसतो. गाडी दहा वर्षांची झाली की ‘आता फुल इन्शुरन्स कशाला’ म्हणून माणसे फक्त थर्ड पार्टी विमा काढतात. २०२२ मध्ये ठरलेल्या दरांप्रमाणे १००० सीसीच्या आतल्या खासगी गाडीला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. स्वस्तात काम झाले. पण नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी गाडीत फुकट बसलेल्या माणसांचा विमा येत नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत तो येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हाच भेद मांडला. पंढरपूरला किंवा लग्नाला निघालेल्या गाडीत मागे बसलेली आई, बहीण, भाचरे ही त्या दोन-तीन हजारांच्या कागदात कुठेच नसतात. जुन्या गाडीला सर्वसमावेशक विमा मिळायला खटपट पडते, कंपनी तपासणी मागते, हे खरे. ती खटपट करावी. पैसे वाचवायचे तर गाडीच्या टपावरच्या कॅरियरवर, सीट कव्हरवर वाचवावेत.

आणि पांढऱ्या पाटीची बोलेरो किंवा ईको भाड्याने फिरवणे. आठवडी बाजाराच्या दिवशी, लग्नसराईत, ऊसतोडीची माणसे पोचवताना हे सर्रास चालते. हप्ता त्यातूनच निघतो, हेही मला माहीत आहे. पण खासगी पॉलिसीवर ‘भाड्याने वापर नाही’ असे छापलेले असते आणि अपघातानंतर पंचनाम्यात प्रवाशांचे पहिले वाक्य ‘अमुक रुपये तिकीट दिले’ असेच असते. तिथे विमा संपतो.

एवढे असूनही गाड्या नावावर का होत नाहीत? आळस हे वरवरचे कारण. खरी कारणे व्यापाऱ्याच्या गणितात आहेत. प्रत्येक नोंदीने गाडीचा एक हात वाढतो. पहिल्या हाताची गाडी आणि तिसऱ्या हाताची गाडी यांच्या भावात फरक पडतो, म्हणून मध्यस्थ आपले नाव कागदावर येऊच देत नाही. सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये यावर नियम काढले आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू केले: जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचे, गाडी ताब्यात आली की पोर्टलवर कळवायचे, आणि तेव्हापासून ती विकली जाईपर्यंत जबाबदारी त्याची. गाडी बाहेर काढली तर कुठे, कशासाठी, कुणी चालवली याचीही नोंद ठेवायची. नियम चांगला आहे. तुमच्या समोरचा व्यापारी अधिकारपत्र दाखवू शकतो का, एवढे विचारून पाहा. तो हसला तर उठून निघा.

दुसरे कारण कर्ज. आरसीवर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा बोजा असेल तर तिच्या संमतीवाचून नाव बदलत नाही. तो उतरवायला नमुना ३५ आणि कंपनीचे ना-हरकत पत्र लागते. आपल्याकडे मात्र ‘एवढे रोख द्या, पुढचे हप्ते तुम्ही भरा’ असा सौदा राजरोस होतो. घेणारा इमानाने दोन वर्षे हप्ते भरतो. मूळ कर्जदाराचे त्याच कंपनीकडे ट्रॅक्टरचे दुसरे कर्ज थकले तर काय होईल, की मधल्या माणसाने हप्ते भरलेच नाहीत तर काय होईल, हे त्याला कळते ते पाडळशिंगीच्या टोलनाक्यावर वसुलीवाल्यांनी गाडी अडवल्यावर. त्याच्याकडे दाखवायला पाचशेचा बाँड असतो. अशा गाडीला हात लावू नये, कितीही स्वस्त मिळो. या एका बाबतीत माझ्याकडे ‘पण’ नाही.

तिसरे कारण किरकोळ अडथळ्यांचे: थकलेली ई-चलने, संपलेली पीयूसी, आणि १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबरप्लेट, जिच्यावाचून आरटीओतली कामे अडतात. चारचाकीला तिचे दर ७४५ रुपये अधिक जीएसटी आहेत. हे सगळे विकणाऱ्याने निस्तरायचे काम. ते झाल्याशिवाय शेवटचे पैसे द्यायचे नाहीत, एवढी साधी अट घालायला माणसे लाजतात, पावण्यारावळ्यांत सौदा असेल तर जास्तच.

वडिलांच्या नावावरची गाडी हा आणखी एक प्रकार. वडील गेले, गाडी अंगणात, भावांत वाटणी झालेली नाही. मालक वारला तर ३० दिवसांत आरटीओला कळवून तीन महिन्यांत वारसाच्या नावे करायची असते. सात-बारावर वारस लावायला आपण तलाठ्याकडे खेटे घालतो आणि गाडीचे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मेलेल्या माणसाच्या नावाची गाडी विकत घेणाऱ्याने सगळ्या वारसांच्या संमतीशिवाय पैसे मोजू नयेत.

आता गाडीकडे वळू, कारण वाचणाऱ्याला खरी उत्सुकता तिचीच असते.

ती आली कुठून, हे पहिले. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली बुडाले, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडाले, सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात सिंदफणेच्या आणि गोदेच्या काठची गावे पाण्यात गेली. प्रत्येक पुरानंतर विमा कंपन्या पूर्ण नुकसान म्हणून निकालात काढलेल्या गाड्या लिलावात विकतात. त्यांतल्या काही धुऊन-पुसून, सीट बदलून, दूरच्या जिल्ह्यात पुन्हा उभ्या राहतात. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ राहते. पायाखालचा गालिचा उचला, सीटच्या रुळांवर आणि डॅशबोर्डखालच्या स्क्रूंवर गंज शोधा. अशा गाडीचे इंजिन उघडून बांधता येते. वायरिंगमधली बुरशी मात्र जात नाही आणि गाडी कधी, कुठे बंद पडेल हे मेस्त्रीही सांगू शकत नाही.

दिल्लीच्या गाड्यांचे आकर्षण वेगळे. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि त्यानंतर या धोरणात अनेक वळणे आली. परिणाम असा की मोठमोठ्या डिझेल गाड्या तिथे मातीमोल भावात निघतात आणि आपल्याकडे ‘फॉर्च्युनर सात-आठ लाखांत’ अशा बातम्या फिरतात. परराज्यातली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना-हरकत पत्र आणि महाराष्ट्राचा रस्ता कर लागतो, आणि डिझेल गाडीला तो पेट्रोलपेक्षा जास्त आहे. हा कर आणि मोठ्या डिझेलच्या टर्बो, इंजेक्टर, क्लचचा खर्च धरला की स्वस्ताई उरत नाही. गाडी स्वस्त मिळाली म्हणून तिचे सुटे भाग स्वस्त होत नाहीत; ते नव्या फॉर्च्युनरच्याच भावाने येतात. दारात उभी राहिल्यावर चार माणसांत वजन वाढते, हे नाकारत नाही. ते वजन बाळगायचा महिन्याचा खर्च लोक विचारत नाहीत.

मीटरवर विश्वास ठेवू नये. मागे फिरवलेला मीटर हे या धंद्यातले सर्वांत जुने काम आहे आणि डिजिटल मीटर आल्यापासून ते अवघड होण्याऐवजी सोपे झाले. ब्रेकच्या पायडलचे रबर, स्टिअरिंगची झिजलेली कातडी, ड्रायव्हरच्या सीटची बसकी कड पाहा. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यातले पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. ४० हजार किलोमीटरच्या गाडीला तिसरे टायर कशाला लागले, हे विचारा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नंबर दिला तर जुन्या नोंदी बहुधा मिळतात. उलट, महामार्गावर दीड लाख किलोमीटर चाललेली आणि वेळच्या वेळी ऑइल बदललेली गाडी मी शहरात उभी राहून सडलेल्या २५ हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा आधी घेईन.

खर्चाचा हिशेब कागदावर मांडून पाहू. समजा दोन लाखांची जुनी पेट्रोल गाडी, महिन्याला ८०० किलोमीटर, लिटरला १४ चा ॲव्हरेज, पेट्रोल १०५ रुपये. महिन्याला सहा हजार, वर्षाला ७२ हजार निव्वळ इंधन. तीन वर्षांत गाडीच्या किमतीहून जास्त. त्यात विमा, टायर, बॅटरी, क्लचप्लेट, आपल्या रस्त्यांनी खाल्लेले सस्पेन्शन. पंधरा वर्षे भरली की नोंदणीचे नूतनीकरण: एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांपुढच्या चारचाकीला १०,००० रुपये ठरली, वर राज्याचा पर्यावरण कर. चौदा वर्षांची गाडी घेणाऱ्याने हा खर्च पुढच्याच वर्षी येणार, हे धरूनच भाव करावा. आणखी एक गोष्ट विक्रेते सांगणार नाहीत: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्यांच्या किमती उतरल्या. जुन्या गाडीचा भाव नव्याच्या भावावरून ठरतो. तरीही कुणी आधीचाच भाव सांगत असेल तर तो उतरलेला कर तुमच्याकडून वसूल करतो आहे.

इंधनाचेही आता वेगळे झाले. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. ज्या उसापासून त्यातले काही बनते तो तोडायला दरवर्षी दिवाळीनंतर आपल्याच जिल्ह्यातली माणसे पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आणि त्याच मिश्रणाचा त्रास होणाऱ्या जुन्या गाड्याही आपल्याच दारात जास्त. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्याने जुन्या धाटणीच्या चारचाकींचा ॲव्हरेज ६ ते ७ टक्के घटेल असे म्हटले होते. वरच्या हिशेबात ते वर्षाला साडेचार-पाच हजार होतात. २०२३ पूर्वीच्या गाड्यांतले काही रबरी पाइप, सील आणि गॅस्केट या मिश्रणासाठी बनलेले नाहीत, ते बदलावे लागू शकतात. इथेनॉल पाणी ओढते, म्हणून उन्हाळाभर उभी राहणारी गाडी अर्ध्या टाकीवर ठेवू नये. कार्ब्युरेटरच्या जुन्या मारुती ८०० वर माझा जीव आहे, पण रोजच्या वापरासाठी ती आज कुणाला सुचवणार नाही. ज्याला हौस म्हणून ठेवायची त्याने ठेवावी.

मग घ्यावी कोणती? चौसाळ्याच्या, वडवणीच्या मेस्त्रीला जी उघडता येते ती. साधे पेट्रोल इंजिन, हाताचे गिअर, ज्या कंपनीचा कारभार देशात चालू आहे तिची. शेवरले २०१७ अखेर भारतातली विक्री बंद करून गेली, फियाटच्या गाड्या पुढच्या एक-दोन वर्षांत थांबल्या, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये इथले उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. या गाड्या, त्यांतल्या काही तळेगावात आणि रांजणगावात बनलेल्या, चालवायला उत्तम होत्या. फियाटचे १.३ डिझेल इंजिन तर स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत कितीतरी गाड्यांत होते, त्यामुळे त्याचे भाग आजही मिळतात. पण दरवाजाची काच, बंपर, दिव्याचा काचगोळा यांसाठी पुण्याच्या भंगारबाजारात फोन करत बसावे लागते.

येत्या काळातला खरा सापळा वेगळाच आहे आणि तो अजून आपल्याकडे पुरता पोचलेला नाही. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्या आता दुसऱ्या हाताला येऊ लागल्या आहेत. त्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून काही अंतर सलग वेगाने चालावी लागते. वस्तीवरून गावात आणि गावातून शेतात फिरणाऱ्या गाडीची गाळणी तुंबते, दिवा लागतो, गाडी ताकद सोडते. मग गावातला कुणीतरी ती गाळणी पोकळ करून देतो, जे बेकायदा आहे आणि पीयूसीत सापडू शकते. नवी गाळणी छोट्या जुन्या गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकते. कमी अंतराचा वापर असेल तर बीएस-६ डिझेल जुनी घेऊच नये.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण इथे मतभेदाला जागा नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपने ताशी ६४ किलोमीटरच्या धडकेत आपल्या पाच लोकप्रिय गाड्यांच्या एअरबॅग नसलेल्या आवृत्त्या तपासल्या. अल्टो ८००, आय-१०, फिगो, पोलो, नॅनो. पाचही शून्यावर. चालकाची एअरबॅग सक्तीची झाली ती जुलै २०१९ मध्ये. बीडवरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ चौपदरी झाल्यापासून याच गाड्या त्यावर शंभरच्या पुढे पळतात. परवडत असेल तर एक वर्ष थांबा आणि दोन एअरबॅग, एबीएसवाली गाडी घ्या.

हे सगळे घेणाऱ्यांसाठी झाले. देणाऱ्यांची संख्या जिल्ह्यात काही कमी नाही, आणि जास्त धोक्यात तेच आहेत. गेल्या दहा-पंधरा वर्षांत तुम्ही बाँडवर गाडी विकली असेल तर परिवहनच्या पोर्टलवर किंवा ॲपवर तिचा नंबर टाकून पाहा. मालकाचे नाव अर्धे झाकलेले दिसते, पण स्वतःचे नाव माणसाला ओळखता येते. तेच दिसले तर खरेदीदाराला गाठा, सोबत घ्या आणि नाव बदलून टाका. चारचाकीच्या हस्तांतरणाची मूळ सरकारी फी ३०० रुपये आहे. तो सापडत नसेल तर बाँडची प्रत जोडून आरटीओला आणि पोलिस ठाण्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्या पोचेने जबाबदारी संपत नाही. म्हणून नाव बदलेपर्यंत त्या विकलेल्या गाडीचा थर्ड पार्टी विमा दरवर्षी स्वतःच भरत राहा.